कथा "लिहिल्यासारखी" वाटते? उपमा, प्रतीक, पूर्वदृश्य यांतला बिघाड शोधायची रीत

तक्रार नेहमी एकच असते. घटना आहे, गाव खरं आहे, माणसं ओळखीची आहेत, तरी वाचणारा म्हणतो, "चांगलंय, पण लिहिल्यासारखं वाटतं." मग लेखक आणखी दोन उपमा घालतो, कोरड्या विहिरीवर एक परिच्छेद वाढवतो, शेवटी पाऊस पाडतो. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा जड होतो. तिसऱ्या वेळी तो वैतागून सगळे अलंकार उपटून टाकतो आणि कथेचा पंचनामा होतो. चौथ्या खर्ड्यात अलंकार परत येतात. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी होत असते.

खालची तपासणी 2,000 ते 4,000 शब्दांच्या कथेसाठी आहे. खर्डा कागदावर छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी एकच परिच्छेद दिसतो आणि हे दोष दोन-तीन पानं शेजारी ठेवल्याशिवाय सापडत नाहीत. लाल आणि निळा असे दोन पेन लागतील.

आधी फ्यूज बघा: कोण बघतंय?

मोटार चालत नाही म्हणून कोणी लगेच बोअरमधले पाइप उपसत नाही. आधी लाईट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर. कथेत फ्यूजच्या जागी दृष्टिकोन असतो. उपमा, प्रतीक, पूर्वसूचना, पूर्वदृश्य (फ्लॅशबॅक) ही सगळी साधनं कोणाच्या तरी डोळ्यांवर चालतात. मधेच डोळा बदलला आणि लेखकाच्या ध्यानात आलं नाही, की साधन नुसतं लोंबकळत राहतं. दहापैकी सहा-सात वेळा बिघाड इथेच असतो.

मराठीत तो पकडायची एक सोपी खूण आहे: नाती. लाल पेनने कथेतल्या प्रत्येक माणसाचा उल्लेख गोल करा. समजा, कथा सुनेच्या मनातून चालली आहे. ती सासऱ्याला मामा म्हणते, नवऱ्याचं नाव घेत नाही. आणि पान दोनवर वाक्य येतं: "रामरावांनी खाकरून बाहेर पाहिलं. गंगाधरचा चेहरा उतरला." ही दोन्ही नावं तिच्या तोंडची नाहीत. इथे डोळा तिचा राहिला नाही, लेखकाचा झाला. पुढच्याच ओळीत आलेली उपमा कितीही सुंदर असली तरी ती कोणाची हे कळत नाही, म्हणून ती चिकटवल्यासारखी दिसते.

नावं बदलली की काम अर्धंच होतं. ती सैपाकघरात आहे आणि माणसं ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत बसलीत. मग नवऱ्याचा उतरलेला चेहरा तिला दिसला कसा? तिला मामांचं खाकरणं ऐकू येईल, मग बोलणं थांबल्याचं कळेल, मग चपला सरकल्याचा आवाज. "मामा खाकरले. बाहेरचं बोलणं थांबलं. मग यांच्या चपला वाजल्या." चेहऱ्याचं वर्णन गेलं आणि तणाव वाढला, कारण आता वाचणाराही तिच्यासोबत भिंतीच्या अलीकडे उभा आहे.

सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वज्ञ निवेदक वापरायला काहीच हरकत नाही. त्याने पहिल्या परिच्छेदातच हजेरी लावली पाहिजे, एवढंच. पान चारपर्यंत एका सुनेच्या मागे चालून पाचव्या पानावर अचानक मुकादमाच्या मनात शिरणं याला सर्वज्ञता म्हणत नाहीत, घसरण म्हणतात.

उपमा: चारपैकी कोणता भाग बिघडला

निळ्या पेनने "सारखा", "जसा-तसा", "प्रमाणे", "जणू", "गत", "वानी" यांच्याखाली रेघा मारा. फुलस्केपच्या एका पानात, साधारण 250 ते 300 शब्दांत, एकाहून जास्त रेघा दिसल्या तर बाकीच्या संशयित धरा. हा शास्त्राचा नियम नव्हे, हाताचा अंदाज आहे. पण एका वाक्यात दोन उपमा असतील तर तिथे अंदाजाची गरज नाही. एक काढाच. दोन्ही ठेवल्या तर वाचणारा एकही पाहत नाही.

अलंकारशास्त्राने उपमेचे चार भाग पाडले आहेत: उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि साम्य दाखवणारा शब्द. शाळेत हे गुणांसाठी घोकलेलं असतं. दुरुस्तीला ते फार कामी येतं, कारण दोष बहुधा एकाच भागात असतो.

सगळ्यात जास्त बिघडतं उपमान. "ऊस समुद्राच्या लाटांसारखा डोलत होता." बघणारी बाई बीड जिल्ह्यातली, नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेली. समुद्र तिच्या बघण्यातला नाही. आणि ऊस तिच्यासाठी डोलत नसतो. तो तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीत चढवायचा असतो. डोलणारा ऊस रस्त्यावरून गाडीने जाणाऱ्याला दिसतो. तोच लाटांचा ऊस कारखान्यावर बदलून आलेल्या रत्नागिरीच्या अधिकाऱ्याने पाहिला तर उपमा चोख आहे, वर त्याच्या परकेपणाचं कामही करते.

दुरुस्ती: त्या पात्राच्या हाताशी आज काय काय आहे याच्या दहा वस्तू लिहा. कोयता, पाचट, वाढं, मोळी, टायरगाडी, कोपी, तीन दगडांची चूल, लेकराची झोळी, मुकादमाची वही, उचल. उपमान या यादीतून घ्या, पण वरवरचं पहिलं नको. "कोयत्यासारखी जीभ" यादीतलीच आहे, तरी बोथट, कारण ती सगळ्यांना आधी सुचते. खालून वर या. "मुकादम उचल दिल्यासारखा हसला." उचल ही हंगामाआधी हातात पडणारी रक्कम, पुढे महिनोन्महिने अंगमेहनतीने फेडायची. ज्याला हे ठाऊक आहे त्याला त्या हसण्याची किंमत लगेच कळते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी पुढच्या पानावर उचलीचा हिशोब येऊ द्या, त्याच वाक्यात नको.

दुसरा दोष साधारण धर्मात असतो, आणि तो लेखकाच्या धास्तीतून येतो. "मुकादम उचल दिल्यासारखा, पुढे वसूल करायच्या इराद्याने हसला." कळणार नाही म्हणून साम्य उघडून सांगितलं आणि उपमा तिथेच विझली. चारही भाग हजर असले की पूर्णोपमा, एखादा गाळला की लुप्तोपमा. कथेत लुप्तोपमा जास्त टिकते.

रूपकाचा बिघाड वेगळा. "संसाराचा गाडा ओढता ओढता तो कर्जाच्या खाईत बुडाला आणि आशेचा दिवा विझला." गाडा, खाई, दिवा ही तिन्ही वापरून वापरून मेलेली रूपकं आहेत. एकेकटी असताना ती निपचित पडून असतात, कोणाला त्रास देत नाहीत. तीन एका वाक्यात आली की जागी होतात आणि एकमेकांवर आदळतात: गाडा बुडतो कसा, आणि खाईत माणूस पडतो की बुडतो? अशा ठिकाणी रूपक सुधारत बसू नका. त्या जागी आकडा ठेवा. सोसायटीचे 80 हजार, दुकानदाराचे बी-खताचे 35, पोरीच्या लग्नातले पाहुण्याचे 50. कर्ज कोणाचं आणि कधीचं हे कळलं की खाईची गरज उरत नाही.

प्रतीक: दार्ष्टांतिक कापा

हा भाग जास्त सविस्तर घ्यायला हवा, कारण या दोषाचं मूळ आपल्या कानात आहे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाने अक्षरं गिरवायच्या आधी कीर्तन ऐकलेलं असतं. सप्ताहात महाराज अभंग घेतात, दृष्टांत देतात आणि मग दृष्टांताचा अर्थ फोडून सांगतात. महानुभावांच्या दृष्टांतपाठात तर ही रचना नावानिशी मांडली आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत कशाला लागू होतो ते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात विंचू येतो तेव्हा तो काम-क्रोधाचा विंचू आहे हे तिथल्या तिथे सांगून टाकलेलं असतं. ते तिथे योग्यच आहे. मांडवात बसलेल्या सगळ्यांनी एकच अर्थ घेऊन घरी जावं हा तिथला हेतू असतो.

कथेचा हेतू तो नाही, पण कानाला सवय लागलेली असते. म्हणून वस्तू दाखवून झाली की पेन आपोआप दार्ष्टांतिक लिहितं: "ती रिकामी घागर म्हणजे तिच्या रित्या आयुष्याचं प्रतीक होती." नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनीची, म्हणजे न बोलता सुचणाऱ्या अर्थाची, मांडणी केली तिचा गाभाच असा की, सुचवलेला अर्थ उघड शब्दांत सांगितला की त्याची गोडी जाते. तेव्हा पहिलं काम: खर्ड्यात "प्रतीक", "मूर्तिमंत", "म्हणजेच", "जणू काही", "मूक साक्षीदार" हे शब्द शोधा आणि ती पूर्ण वाक्यं खोडा. मूक साक्षीदाराबद्दल तर काय बोलावं? मराठी कथेतला प्रत्येक पिंपळ मूक साक्षीदार असतो. एवढे साक्षीदार असून एकही खटला उभा राहत नाही.

खोडल्यावर प्रतीक उभंच राहत नसेल तर ते आधीपासूनच उभं नव्हतं, वाक्याच्या टेकूवर होतं. मग ते नव्याने बांधावं लागतं. वस्तू कथेत तीनदा आणा, तिन्ही वेळा वेगळं काम देऊन.

पहिल्यांदा ती नुसती वापरात हवी. टँकर येण्याच्या दिवशी गल्लीत ड्रमांची रांग लागली आहे. त्यात 200 लिटरचा एक निळा ड्रम, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने म्हाताऱ्याचं नाव. नाव कशासाठी? ड्रम ओळखू यावा म्हणून. इथे याहून जास्त अर्थ घालू नका. ही भेट कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात व्हावी.

दुसऱ्यांदा तिची अवस्था बदललेली हवी. म्हातारा गेला, भावांची वाटणी झाली. भांडी वाटली गेली, ड्रम राहिला. थोरल्याची बायको विळ्याच्या पात्याने नाव खरवडते. ऑइलपेंट पूर्ण निघत नाही, अर्धं नाव राहतं.

तिसऱ्यांदा ती असेल, पण तिच्यावर कोणी बोलणार नाही. टँकर आला आहे. पाइप धरलेला माणूस अर्ध्या नावाच्या ड्रमापाशी थांबतो. "ह्यो कोणाचा हाय?" दोघे भाऊ रांगेत आहेत. पाइप पुढच्या ड्रमात जातो.

बिघाड नेमका कुठे होतो तेही यावरून तपासता येतं. पहिल्या भेटीत वस्तूला काम नसेल तर ती शोभेची होते. दुसऱ्या भेटीत बदल नसेल तर नुसती पुनरुक्ती. तिसऱ्या भेटीत भाष्य असेल तर परत कीर्तन. आणि तीनऐवजी सहा-सात वेळा वस्तू दिसली तर वाचणारा तिच्याकडे संशयाने बघू लागतो.

काही वस्तू अर्थ आधीच अंगावर गोंदवून आलेल्या असतात: विझणारी पणती, वठलेलं झाड, तुटलेली चप्पल, आटलेली विहीर. त्या वापरायच्या तर ठरलेल्या अर्थाच्या उलट वापरा. आटलेल्या विहिरीत उतरून पोरं क्रिकेटचा चेंडू शोधताहेत, एवढं केलं तरी तिचा जुना अर्थ ढिला होतो. 3,000 शब्दांच्या कथेला एक प्रतीक पुरतं. दुसरं आणायचं असेल तर ते पहिल्याला कुठे भेटतं ते आधी ठरवा.

शेवटी पडणारा पाऊस

पात्र रडतं तेव्हा आभाळही रडतं. इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने 1856 मध्ये निसर्गावर माणसाच्या भावना लादायच्या या सवयीला "पॅथेटिक फॅलसी" असं नावच ठेवलं होतं. आपल्याकडे निर्जीवाला सजीवासारखं वागवणारा चेतनगुणोक्ती अलंकार आहे आणि कवितेत तो शोभतो. दुष्काळाच्या कथेत मात्र शेवटचा पाऊस हा तयार शेवट झाला आहे: कोरडी जमीन, कर्ज, भांडण, आणि मग टपोरे थेंब, मातीचा वास, समाप्त.

दुरुस्ती एका प्रश्नात आहे: पाऊस कोणत्या नक्षत्राचा? मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो, तेव्हाचा पाऊस पेरणीचा. पेरून झाल्यावर तीन आठवड्यांचा खंड पडला तर तोच मृगाचा पाऊस फसवा ठरतो, बियाणं दुबार घ्यावं लागतं. हस्त सप्टेंबरच्या शेवटी लागतो, त्यामागून चित्रा. त्या दिवसांत सोयाबीन कापून पडलेलं असतं किंवा गंजी लावलेली असते, कापसाची बोंडं फुटलेली असतात. तेव्हा आलेला पाऊस शेंगांना कोंब फोडतो आणि कापूस काळा पाडतो. म्हणजे एकच पाऊस चार महिन्यांत चार वेगळे अर्थ घेऊन येतो. पावसाआधी ताडपत्री कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही एवढं दाखवलं, तर आभाळाला रडवावं लागत नाही. तोच नियम उन्हाला आणि धुक्याला.

पूर्वसूचना: फार मोठ्याने, किंवा फार उशिरा

"त्याला काय ठाऊक, ही त्यांची शेवटची भेट होती." हे वाक्य दिसलं की पुन्हा फ्यूज बघा. हे कोण बोलतंय? भविष्य माहीत असलेला कोणीतरी. बाकीच्या कथेत असा कोणी नसेल तर लेखकाने दारातून डोकं आत घातलं आहे. असा निवेदक हवाच असेल तर त्याला पहिल्या पानापासून बसवा, नाहीतर वाक्य काढा.

पूर्वसूचना लपवायची जागा म्हणजे यादीचा मधला भाग. "मोटारीच्या खोलीत रिकामी पोती होती, स्टार्टरचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं आणि कोपऱ्यात मांजरीने पिल्लं घातली होती." वाचणाऱ्याचं लक्ष पिल्लांकडे जातं, सुतळी मनात कुठेतरी राहते. पुढे रात्रीची लाईट आल्यावर ओल्या पायांनी कोणीतरी त्या खोलीत शिरतं तेव्हा ती सुतळी वाचणाऱ्याला आठवते. भिंतीवर बंदूक टांगली तर ती पुढे उडाली पाहिजे, हा रशियन कथाकार चेखॉव्हचा दाखला सगळे देतात. बंदूक टांगताना दिसू नये ही अडचण मात्र कोणी सांगत नाही. मोजमापच हवं असेल तर: 3,000 शब्दांत पहिला उल्लेख पहिल्या 1,000 शब्दांत, दुसरा ओझरता मध्यावर, आणि परिणाम शेवटच्या 700-800 शब्दांत. दोन उल्लेख पुरे. दुसरा उल्लेख परिणामाच्या एकच परिच्छेद आधी असेल तर ती पूर्वसूचना नव्हे, सोय.

फवारणीच्या औषधाचा डबा पहिल्या पानावर दिसला की इथला वाचक शेवट तिथेच ओळखतो आणि पुढचं वाचत नाही, नुसतं तपासतो. तो डबा कथेत लागत असेल तर त्याने कापसावर फवारणी होऊ द्या आणि तो संपवून टाका.

कधी कधी पूर्वसूचनेची गरजच नसते, कारण वाचणाऱ्याला शेवट इतिहासातून माहीत असतो. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदली रात्र अनंत चतुर्दशीची, विसर्जनाची. त्या संध्याकाळी लातूर जिल्ह्याच्या त्या भागात घडणारी कथा लिहिताना लेखक कुत्री रडवतात, टिटवी ओरडवतात, म्हातारीला वाईट स्वप्न पाडतात. हे सगळं काढून टाका. पात्रांना माहीत नाही आणि वाचणाऱ्याला माहीत आहे, ही नाट्यगत वक्रोक्ती तारखेनेच तयार झालेली असते, तिला फोडणी लागत नाही. सासू नव्या सुनेला घर दाखवते: "उन्हाळ्यातबी गार ऱ्हातंय. भित्ताडाची रुंदी बघ." दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याच घरांनी त्या रात्री माणसं दाबली. म्हातारी कौतुकाने बोलते आहे. यापुढे एकही शब्द लिहू नये. तारीख शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत देऊ नका. गणपतीच्या मिरवणुकीतून, पोराच्या शाळेच्या वहीवरच्या सालातून ती उशिरा कळू द्या.

पूर्वदृश्य: "होता"चा खच

फ्लॅशबॅक अडकतो तो बहुतेक वेळा क्रियापदांत. बिघडलेला नमुना: "तिला ते दिवस आठवले. ती भूतकाळात हरवून गेली. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. ती या घरात आली होती. सासूने तिला हाक मारली होती. तिने दार उघडलं होतं." सहा वाक्यांत चार "होतं-होती", आणि आत जायला "हरवून गेली"ची पाटी.

मराठीत मागच्या काळात उतरायला दोन, फार तर तीन "होता" पुरतात. त्यानंतर साधा भूतकाळ चालतो. वाचणारा तिकडेच राहतो. परत यायला तीच वस्तू लागते जी धरून आपण उतरलो:

"कडी अडकली. पहिल्या दिवशीही अशीच अडकली होती. सासू मागून म्हणाली होती, वर उचलून ओढ. तिने ओढली, दार उघडलं, आत अंधार आणि ज्वारीच्या कणगीचा वास. सासू हसली, म्हणाली, आता तुझ्या हाताला कळलं. तिने कडी वर उचलली. दार उघडलं. कणगी नव्हती."

"आठवलं" हा शब्द कुठेही नाही. कडी दोन्ही काळांत आहे, कणगी एकाच.

"जाई, येई, करी" आणि "जायचा, यायचा, करायचा" ही दोन्ही रूपं सवयीच्या भूतकाळाची. पहिलं सांगणाऱ्याचं, जरा पुस्तकी, दुसरं बोलण्यातलं. एका पूर्वदृश्यात दोन्ही मिसळली की आवाज फाटतो. आणि "रोज जायचा" असं म्हणत असताना मधेच एकदाच घडलेला प्रसंग आला तर तिथे "एका दिवशी" असं स्पष्ट वळण द्या, नाहीतर म्हातारा रोज विहिरीत पडतो असं वाटतं.

पूर्वदृश्य कथेच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठं झालं असेल तर कथा तीच आहे. तिथूनच सुरू करा.

कागदावर दोन उभे रकाने आखा: एकात प्रसंग जसे घडले तसे, दुसऱ्यात जसे सांगितले तसे. शेजारी पात्राचं वय लिहा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते एप्रिल 2016 मध्ये. त्या रांगेत उभी असलेली 70 वर्षांची बाई 1946 च्या आसपासची. 1972 च्या दुष्काळात ती पंचविशीत, तेव्हा खडी फोडल्याचं, सुकडी आणि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ल्याचं तिला नीट आठवेल. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे 1947-48 चे दिवस तिला स्वतःला आठवणार नाहीत, ते ती आईकडून ऐकलेलं सांगेल. हे वजाबाकीचं काम आहे, पण भल्याभल्यांच्या कथा इथे पडतात.

शब्दांचंही तेच. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, त्याआधीच्या निजामी मुलखातल्या कथेत शेतकरी "सातबारा" काढत नाही, तिथे पहाणीपत्रक असतं. रुपया हाली, म्हणजे निजामाचा असतो, साल फसली, म्हणजे महसुली असतं.

बोली

संवादांत गाव दिसावं म्हणून सगळीकडे "लई", "व्हय", "न्हाय" पेरलं की टीव्हीवरचं खेडं तयार होतं. त्यातून जिल्हाही कळत नाही, माणूसही. मराठवाड्याच्या मोठ्या भागात "काय करायलास?", "जेवायलोय", "पाऊस यायलाय" अशी चालू क्रियेची रूपं आहेत, आणि लातूर-धाराशिवकडे पुन्हा त्यांचा वळसा वेगळा. ज्या गावची बोली कानात पक्की आहे तिच्या पाच-सहा खुणा निवडा, आधी क्रियापदांच्या, मग शब्दांच्या. त्या शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक उच्चार अक्षरात उतरवू नका. वाचणारा अडखळतो, आणि पात्र अडाणी वाटतं, जे बहुधा तुमच्या मनात नसतं. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत ठेवले तरी चालतं, फक्त निवेदक त्याच बाईच्या मनात असेल तर तिची उपमानं प्रमाण भाषेतही तिचीच हवीत.

"म्हणे" या एका शब्दाकडे मात्र लक्ष द्या. "रात्री तलाठी आला म्हणे." सांगणाऱ्याने पाहिलेलं नाही, जबाबदारी घेत नाही, आणि कदाचित विश्वासही ठेवत नाही. अविश्वसनीय निवेदक उभा करायला काही भाषांना जी कसरत करावी लागते ती मराठीत या शब्दाने होते. तो उगाच पडला असेल तर काढा, कारण तो असलेलं प्रत्येक वाक्य वाचणारा संशयाने वाचतो.

अतिशयोक्ती आणि उपरोध यांत बिघाड कमी होतो. झाला तर बहुधा एवढाच, की उपरोधाच्या वाक्यामागे उद्गारचिन्ह असतं. ते काढलं की भागतं.

सगळं करूनही पान जड वाटलं तर

जे पान सर्वांत जड वाटतं ते निवडा. खर्डा आठ दिवस कपाटात ठेवा. नवव्या दिवशी तो न उघडता तेवढं एकच पान कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा, मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. जी उपमा आठवायला न बसता परत आली ती राहील. जी आलीच नाही ती त्या पात्राची नव्हती. फाडून टाकू नका, वेगळ्या वहीत तारीख घालून उतरवून ठेवा. समुद्राच्या लाटांसारखा ऊससुद्धा. रत्नागिरीच्या त्या अधिकाऱ्याची कथा अजून कोणी लिहिलेली नाही.